फसणे निराळे, अपयश निराळे

मागच्या अंकातील एका उत्तरात ‘हरण्याची मुभा माणसाने स्वतःला द्यायला हवी’ असे एक वाक्य मी ओघात लिहून गेले होते. त्यावर एवढी पत्रे येतील असे वाटले नव्हते. काही वाचकांना त्या वाक्याचा आधार वाटला, काहींना ते पोट भरलेल्या माणसाचे तत्त्वज्ञान वाटले, आणि एकाने तर ‘ही मुभा नेमकी कोणत्या खिडकीवर मिळते’ असे विचारले आहे. म्हणून या वेळचे सदर मी या एकाच विषयाला देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : सहा वर्षे चालवलेला छपाईचा छोटा व्यवसाय मी गेल्या महिन्यात बंद केला. दोन मोठ्या ग्राहकांवर सगळे उभे होते; त्यातला एक दीड वर्षापूर्वी गेला आणि हिशेब पुन्हा जुळलाच नाही. देणी फेडली, यंत्रे विकली, सोबतच्या दोघांना दुसरीकडे काम मिळवून दिले. शेवटच्या दिवशी कुलूप लावून घरी आले आणि त्या रात्री, कित्येक महिन्यांनी प्रथमच, मला सकाळपर्यंत गाढ झोप लागली. व्यवसाय बुडाल्याचे दुःख आहेच, पण त्याहून अधिक लाज वाटते ती त्या झोपेची. भेटणारा प्रत्येक जण ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ असे ऐकवतो, आणि ते वाक्य आता मला सहन होत नाही. अपयश आलेल्या माणसाला सुटल्यासारखे वाटावे, हे बरे आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रातील झोपेचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे असे मला वाटते. त्या रात्री नेमके काय संपले याचा विचार करून पाहा. तुमच्याच सांगण्याप्रमाणे व्यवसाय दीड वर्षापूर्वीच संपत आला होता. त्या रात्री संपले ते लपवणे. दीड वर्ष ‘कसे चालले आहे?’ या प्रश्नाला तुम्ही ‘उत्तम’ असे उत्तर देत असणार, आणि ते उत्तर खरे दिसावे म्हणून आणखी चार गोष्टी सांभाळत असणार. दिवसभर यंत्र चालवायचे आणि संध्याकाळी चेहरा सांभाळायचा, अशा दोन नोकऱ्या तुम्ही करत होता. त्यातली दुसरी सुटली. इतक्या थकलेल्या माणसाला झोप लागली नसती तरच मला काळजी वाटली असती.

या बाबतीत आपल्या भाषेनेच एक घोटाळा करून ठेवला आहे. काम तडीस जाणे या अर्थाने आज आपण ‘यश’ हा शब्द वापरतो. पण संस्कृतात ‘यशस्’ म्हणजे कीर्ती, नावलौकिक, आणि ‘अपयश’ म्हणजे दुष्कीर्ती, लोकांत झालेली नाचक्की. हाती घेतलेले काम फसणे आणि चार लोकांत नाव जाणे या दोन निराळ्या घटना आहेत. एकीचा संबंध ग्राहक, भांडवल, वेळ आणि हिशेब यांच्याशी आहे, तर दुसरीचा संबंध इतरांच्या जिभेशी आहे. आपण मात्र दोन्ही एकाच शब्दात बांधल्या आणि ती गाठ इतकी जुनी झाली की ती गाठ आहे हेच आता जाणवत नाही. ‘अपेश मरणाहून ओखटे’ या जुन्या वचनातले अपेश म्हणजे लोकांत तोंड दाखवायला जागा न उरणे. आज आपण एखाद्या न चाललेल्या दुकानालाही तेच मरणाचे माप लावतो.

एपिक्टेटस हा पहिल्या-दुसऱ्या शतकातला ग्रीक विचारवंत. आयुष्याची सुरुवातीची वर्षे त्याने गुलामीत काढली आणि स्वातंत्र्याचा प्रश्न त्याच्याइतक्या हट्टाने फार थोड्यांनी धरून ठेवला असेल. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही याची तो वाटणी करतो, तेव्हा हाती नसलेल्या गोष्टींत शरीर, मालमत्ता आणि अधिकारपद यांच्या जोडीला लौकिकही घालतो, म्हणजेच संस्कृतातले ‘यश’. त्याचा कठोरपणा मला पूर्णपणे पटत नाही. आपल्या माणसांच्या मताची अजिबात पर्वा न करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, आणि भेटला तर त्याच्याशी माझे जमेल असेही वाटत नाही. पण त्याची वाटणी कामाची आहे. एक कागद घ्या आणि त्याच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जे घडले तेवढेच लिहा : दोनच ग्राहकांवर भिस्त होती, त्यातला एक गेला, नवा शोधायला उशीर झाला, अमुक इतके नुकसान झाले. उजवीकडे जे लोक म्हणाले, किंवा म्हणतील अशी तुम्हाला भीती वाटते, ते लिहा. माझा अनुभव असा की डावी बाजू सात-आठ ओळींत संपते आणि उजवी पान उलटून मागे जाते. शिकण्यासारखे जे असते ते बहुधा डावीकडे असते. रात्रीची झोप उडवणारे बहुतेक सगळे उजवीकडे.

दीड वर्ष आधीच का थांबले नाही, असाही प्रश्न तुम्ही पत्रात दोनदा केला आहे. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका, कारण अशा वेळी जवळजवळ सगळेच उशीर करतात. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही प्रेक्षकांना तिकीट पूर्ण किमतीला दिले गेले, तर काहींना न मागता सवलत देण्यात आली. नाटके तीच आणि आसनेही तशीच. तरी पूर्ण पैसे भरलेले लोक पहिल्या काही महिन्यांत अधिक वेळा नाटकाला आले. गेलेला पैसा परत येत नाही हे कळत असूनही तो वसूल करण्यासाठी आपण आणखी वेळ देत राहतो. तुमच्या बाबतीत सहा वर्षांचे कष्ट मागे होते. ते दीड वर्ष तुम्ही मूर्खपणाने घालवले असे मला वाटत नाही. ते कष्ट वाया गेले असे मान्य करायला लागलेला तो वेळ होता.

आता पुढची भीती. १९९८ मध्ये डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठातील अशा तरुण प्राध्यापकांचा अभ्यास केला, ज्यांची नेमणूक कायम होणार की नाही हे ठरायचे होते. नकार मिळाला तर पुढची काही वर्षे आपण दुःखी राहू, असा त्यांचा अंदाज होता. ज्यांना पूर्वी असा नकार मिळाला होता त्यांच्याकडे चौकशी केली, तेव्हा ते नेमणूक मिळालेल्यांइतकेच समाधानी आढळले. आघातातून सावरण्याची आपली शक्ती आपल्याच हिशेबात धरलेली नसते. याचा अर्थ तुमचे दुःख खोटे आहे असा मुळीच नाही. सहा वर्षांची सवय, रोज कुलूप उघडण्याचा तो आवाज, शाईचा वास, हे सगळे गेले आहे. त्यासाठी रडू आले तर येऊ द्या. दुःख आणि सुटका एकाच रात्री एकाच घरात राहू शकतात.

राहिला तो पायरीचा प्रश्न. ते वाक्य तुम्हाला का सहन होत नाही, याचे कारण मला वाटते ते असे : पायरी म्हटली की वरचा मजला आलाच. म्हणजे तुमच्या फसलेल्या व्यवसायाला पुढच्या एखाद्या यशाचा हप्ता म्हणूनच क्षमा मिळणार. ते यश आले नाही तर हे अपयश पुन्हा तुमच्या नावावर जमा. सांत्वन करणारा नकळत तुम्हाला त्याच शर्यतीत परत उभे करतो. या व्यवसायातून पुढे काही मोठे निपजले नाही तरी तो सहा वर्षे केलेले एक प्रामाणिक काम होता, आणि तो नीट, कोणाचे न बुडवता बंद केला गेला. पुढच्या वेळी कोणी पायरीचे सांगितले, तर ‘सध्या मी जिन्यावरच बसले आहे’ असे खुशाल सांगा.

प्रश्न : माझे वय ४१ आहे. गेली नऊ वर्षे एक कादंबरी लिहितो आहे. सध्या सहावा खर्डा चालू आहे. जवळच्या मित्रालाही ती दाखवलेली नाही. वेळ मिळत नाही, घरात शांतता नसते आणि मधून मधून संगणक बिघडतो. प्रकाशकाकडे पाठवण्याइतकी ती चांगली झाली आहे की नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर : ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण निदान नाचायला उभ्या राहिलेल्या माणसाविषयी आहे. तुम्ही, रागावू नका, नाचायला उभे राहण्यापूर्वी अंगण वाकडे करून ठेवत आहात. हा स्वभावदोष एकट्या तुमचा नाही. स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यावर एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना आधी प्रश्न सोडवायला दिले. काही जणांचे प्रश्न मुळातच न सुटणारे होते, पण त्यांनाही ‘तुम्ही उत्तम केलेत’ असे सांगितले गेले. आपण कशाच्या जोरावर उत्तीर्ण झालो हेच त्यांना कळेना. मग दुसऱ्या चाचणीपूर्वी दोन औषधांतून एक निवडायला सांगितले : एक बुद्धीला चालना देणारे, दुसरे तिला मंद करणारे. न सुटणारे प्रश्न सोडवून शाबासकी मिळवलेल्या मुलग्यांनी मंद करणाऱ्या औषधाला पसंती दिली. कारण उघड आहे. पुढे पेपर बिघडला असता तर दोष औषधाचा ठरला असता आणि स्वतःविषयीचे चांगले मत शाबूत राहिले असते. तुमचा गोंगाट, तुमचा संगणक आणि तुमचा सहावा खर्डा ही तीच गोळी आहे.

अपुऱ्या कादंबरीचा एक मोठा फायदा असतो : ती वाईट असू शकत नाही. तिच्याविषयी कोणीही काहीही म्हणू शकत नाही, आणि मनातल्या मनात ती रोज थोडी अधिक थोर होत जाते. या सुखाची किंमत मात्र नऊ वर्षे आहे, आणि तुम्ही लेखक आहात की नाही हे तुम्हाला अजून कळलेले नाही. मला विचाराल तर फसलेल्या कादंबरीचा लेखक हा न संपलेल्या कादंबरीच्या लेखकापेक्षा कितीतरी मोकळा असतो. निदान तो दुसरी लिहायला घेऊ शकतो.

लोक हसतील या भीतीचे प्रमाणही जरा तपासून घ्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, चारचौघांत घालायला संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत जायला लावले होते. साधारण निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असे घालणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात तो जेमतेम चौघांतल्या एकाच्या लक्षात राहिला होता. कादंबरीचे नशीब याहून फार निराळे नसते. पडली तर बहुतेकांना ती पडल्याचेही कळणार नाही. हे ऐकून वाईट वाटेल, पण यात सुटकाही आहे.

चांगली झाली की नाही हे कसे ओळखावे, या प्रश्नाचे उत्तर असे की ते तुम्ही ओळखू शकत नाही. नऊ वर्षांनी तर नाहीच. खोटे बोलणार नाही असा एक वाचक निवडा. आजपासून सहा आठवड्यांनंतरची तारीख त्याला लेखी कळवा आणि त्या दिवशी हस्तलिखित ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत त्याच्या हाती द्या. सोबत क्षमायाचनेची चिठ्ठी जोडायची नाही.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची असून बुद्धिबळ खेळते. सगळे तिला हुशार म्हणतात, आम्हीही म्हणतो. हल्ली आपण हरणार असे दिसू लागले की ती हाताने सगळी मोहरी विस्कटून टाकते आणि ‘मला खेळायचेच नव्हते’ म्हणते. बक्षिसाची आशा नसलेल्या स्पर्धेला जायलाही ती तयार होत नाही. तिला हरायला कसे शिकवावे?

उत्तर : आधी ‘हुशार’ हा शब्द काही महिने घरात वापरू नका. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये साधारण तुमच्या मुलीच्याच वयाच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात काहींच्या बुद्धीची आणि काहींच्या मेहनतीची स्तुती केली होती. बुद्धीची स्तुती झालेल्या मुलांचा कल पुढे सोप्या, हमखास जमणाऱ्या कामाकडे झुकला. अवघड प्रश्नांत अपयश आल्यानंतर त्यांचे गुण घसरले, आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना कळवायची वेळ आली तेव्हा तिघांत एकाहून अधिक जणांनी ते वाढवून सांगितले. नंतर काही संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम इतके ठळक मिळाले नाहीत, त्यामुळे केवळ शब्द बदलून जादू होईल असे मी म्हणणार नाही. पण वाढवून सांगितलेले ते गुण आणि तुमच्या मुलीने विस्कटलेली मोहरी यांचे नाते मला स्पष्ट दिसते. हुशारी ही तिची ओळख झाली की प्रत्येक डाव हा त्या ओळखीवरचा खटला होतो. खटला हरण्यापेक्षा न्यायालयच मोडलेले बरे, असे ११ वर्षांच्या मुलीला वाटले तर नवल नाही.

याचा उपाय सुदैवाने त्याच खेळात आहे. मोहरी विस्कटणे आणि हार मान्य करणे यांत काय फरक आहे, ते तिला प्रत्यक्ष करून दाखवा. आपल्याच राजाला बोटाने हलकेच आडवे करायचे, घड्याळ थांबवायचे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून हात पुढे करायचा, आणि मग लगेच न उठता दोघांनी मिळून पट मागे नेत जायचे : इथे घोडा हलवला नसता तर? इथे प्याद्याकडे दुर्लक्ष झाले का? मोठे खेळाडूही डाव संपल्यावर असेच बसलेले दिसतात, आणि कोण जिंकले हे त्या वेळी बाहेरून पाहणाऱ्याला ओळखता येऊ नये इतके ते रंगलेले असतात. हे करायचे तर खेळ्यांची नोंद लागते आणि पट शाबूत लागतो. विस्कटलेल्या पटावर हरणे लपते, पण चूक कुठे झाली तेही त्याच्यासोबत जाते. हे तिला उपदेश म्हणून सांगू नका. एखादा डाव तुम्हीच तिच्याशी हरा, मुद्दाम नव्हे तर खरोखर, आणि राजा आडवा करा. त्यानंतर स्वतःची चूक शोधताना तुमचा चेहरा कसा असतो, हे ती पाहील.

प्रश्न : अपयशाचे गोडवे गाणे हा यशस्वी लोकांचा छंद आहे. व्यासपीठावर उभे राहून ‘मीही पडलो होतो’ असे सांगणारा माणूस आज व्यासपीठावर असतो, म्हणूनच त्याचे पडणे गोड लागते. पडून तिथेच राहिलेल्यांना कोण बोलावते? आपण या ढोंगात भर घालू नये, ही विनंती.

उत्तर : तुमच्या पत्राशी मी बरीच सहमत आहे. दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवरची छिद्रे मोजून कुठे पत्रा जाड करावा असा प्रश्न निघाला, तेव्हा अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाचे म्हणणे असे होते की जिथे छिद्रे दिसत नाहीत तिथे करावा, कारण तिथे गोळी लागलेली विमाने परतलीच नाहीत. व्यासपीठावरचे वक्ते ही परतलेली विमाने असतात. त्यांच्या छिद्रांवरून पडणाऱ्या सगळ्यांचा हिशेब मांडता येत नाही.

‘अपयश बरेच काही शिकवते’ हेही आपण समजतो तितके खरे नाही. लॉरेन एस्क्रिस-विंकलर आणि आयलेट फिशबाख यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना दोनच पर्याय असलेले प्रश्न विचारले होते. असा प्रश्न चुकला तरी बरोबर उत्तर आपोआप कळते, म्हणजे ‘चूक’ आणि ‘बरोबर’ या दोन्ही शेऱ्यांतून मिळणारी माहिती सारखीच असते. तरी ‘चूक’ ऐकलेल्या लोकांच्या लक्षात कमी राहिले. मन दुखावले की माणूस ऐकायचे थांबवतो. दुसऱ्याची चूक पाहताना मात्र हा अडथळा आला नाही. म्हणून पहिल्या पत्राच्या उत्तरात मी रेघ मारायला सांगितले : उजव्या बाजूचा गलबला थोडा कमी झाल्याखेरीज डावी बाजू वाचताच येत नाही.

ढोंगाविषयी एक किस्सा सांगण्यासारखा आहे. मेलनी स्टीफन या शास्त्रज्ञ महिलेने २०१० मध्ये सुचवले की यशांच्या यादीसारखी प्रत्येकाने अपयशांचीही यादी ठेवावी. २०१६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ योहानेस हाउसहोफर यांनी आपली अशी यादी जाहीर केली. प्रवेश न मिळालेले अभ्यासक्रम, न मिळालेली अनुदाने आणि नाकारलेले लेख तिच्यात होते. ती यादी इतकी गाजली की आपल्या सगळ्या संशोधनापेक्षा तिलाच अधिक प्रसिद्धी मिळाली, हे त्यांनी त्या यादीतच शेवटचे अपयश म्हणून नोंदवले. विनोद उत्तम आहे, आणि तुमचा मुद्दाही त्यातच आहे : तेव्हा ते नामवंत विद्यापीठात प्राध्यापक होते.

माझा मतभेद एकाच जागी आहे. व्यासपीठावरचा माणूस अपयशाला यशाचे भांडवल करतो. मी ज्या मोकळेपणाविषयी लिहिते आहे त्याला पुढे यश लागत नाही. ज्याच्यावर कर्ज आहे, ज्याच्या मागे आधार नाही, त्याला फसणे महागच पडते, आणि ‘स्वीकारा’ म्हटल्याने कर्ज फिटत नाही. पण त्याच्यावर दोन ओझी असतात, एक कर्जाचे आणि एक शरमेचे. दुसरे उतरले तर पहिल्याविषयी निदान उघडपणे बोलता येते, मुदत मागता येते, मदत मागता येते. शरमेने गप्प बसलेल्या माणसाचे कर्ज वाढतच जाते. आणि ही शरम जर इतकी दाटली असेल की आठवडेच्या आठवडे झोप, भूक हरवली आहे किंवा जगणे नकोसे वाटते आहे, तर सदरलेखिकेचे उत्तर वाचत बसू नये. घरातल्या एखाद्या माणसाला सांगून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : तीन मुलाखतींत नाकारला गेलो. चौथ्या जागेची जाहिरात कापून ठेवली आहे, पण अर्ज भरायला हात उचलत नाही. धीर आला की भरेन, असे म्हणतो आहे. तो कधी येईल?

उत्तर : तुमच्या क्रमाने तो येणार नाही, असे मला वाटते. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये दाखवले होते की टाळता न येणारे धक्के बसलेले कुत्रे पुढे सुटण्याची वाट मोकळी असतानाही बसून राहतात. या प्राण्यांनी असहायता ‘शिकून घेतली’, असा अर्थ तेव्हा लावला गेला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे आपला निष्कर्ष उलटा करून मांडला : दीर्घकाळ आघात होत राहिले की गळून बसणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया असते, शिकावे लागते ते ‘माझ्या करण्याने काही बदलते’ हे, आणि ते करूनच शिकता येते. आपले गाजलेले मत वयाच्या सत्तरीत असे जाहीरपणे बदलणे, हेही या सदराच्या विषयात बसण्यासारखे आहे. तुमच्यापुरता अर्थ इतकाच की हात उचलला तर धीर येईल. धीर आल्यावर हात उचलायचा, हा क्रम बहुधा जमत नाही.

वयाच्या छत्तिशीत मी काही महिने ज्युदो शिकत होते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये हा प्रकार सुरू केला, आणि त्यात नवशिक्याला फेकायला शिकवण्याआधी पडायला शिकवतात. त्याला ‘उकेमी’ म्हणतात. पहिले तीन आठवडे आम्ही फक्त पडत होतो. मागे पडताना हनुवटी छातीला टेकवायची, नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची म्हणजे डोके आपटत नाही, श्वास सोडायचा आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, सपाट, चटईवर जोराने आपटायचे. आमच्या शिक्षिकांचा सगळा जीव एकाच गोष्टीवर असे : पडू नये म्हणून हात मागे टेकवायचा नाही. तो हात आपोआप जातो, आणि मनगट मोडते ते त्यामुळेच. नुसते पडल्याने ते सहसा मोडत नाही. माझा हात दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत मागे जात होता.

तुमची कापून ठेवलेली जाहिरात मला त्या हातासारखी वाटते. एक करा. या जागेआधी, जी मिळाली नाही तरी फारसे बिघडणार नाही अशा एखाद्या जागेसाठी अर्ज करा, आणि तिथे नकार आला तर त्या संध्याकाळी मागच्या तीन मुलाखतींत विचारलेले प्रश्न आठवतील तेवढे लिहून काढा; ते पुष्कळदा तेच तेच असतात. कापून ठेवलेल्या जाहिरातीतली शेवटची तारीख तुम्ही कळवलेली नाही. ती जवळ आली असेल तर मधला टप्पा सोडा आणि तोच अर्ज आज भरा.